खाली उतरून वाचायचं ग्रंथालय : रेक्याविकच्या नॉर्डिक हाउसचा प्रकरण अभ्यास

परदेशात सांस्कृतिक संस्था उघडायची तर जागा भाड्याने घेता येते, एखादी जुनी हवेली मिळवता येते किंवा नवी इमारत बांधता येते. पहिल्या दोन वाटांनी गेलं तर वास्तुरचनेचा प्रश्न फारसा त्रास देत नाही. फिनलंडची रोममधली संस्था १९५४ पासून व्हिला लांते या सोळाव्या शतकातल्या हवेलीत आहे. या भिंतींत फिनलंड कुठे दिसतो, असं तिथे कुणी विचारत नाही. आपल्याकडेही पुण्यामुंबईत मॅक्स म्युलर भवनाचं नाव निघालं की जर्मनचे वर्ग आणि परीक्षा आठवतात, दर्शनी भिंत आठवत नाही. नवी इमारत मात्र पहिल्याच बैठकीत विचारायला लावते: हे घर दिसावं कुणासारखं? पाठवणाऱ्या देशासारखं, की ज्या जमिनीवर ते उभं राहणार त्या देशासारखं?

आइसलंडच्या राजधानीतलं नॉर्डिक हाउस हे या प्रश्नाचं सगळ्यात अडचणीचं उदाहरण म्हणून मी निवडलं आहे. इथे पाठवणारा देश एक नाही. डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि खुद्द आइसलंड अशा पाच नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या, देशांनी मिळून ते उभारलं, म्हणजे यजमानही खर्चाचा वाटेकरी. वास्तुविशारद आल्वार आल्तो, जन्म १८९८, फिनलंडचा. उद्घाटन झालं २४ ऑगस्ट १९६८ रोजी, तेव्हा आल्तो सत्तरीचा होता. इमारत एकमजली, पांढरी, खाली तळघर. पहिला संचालक इवार एस्केलांद, नॉर्वेचा. पाचांपैकी एकाही देशाचा झेंडा या वास्तूच्या रूपात शोधून सापडत नाही, आणि तरीही ती कुणाचीही नाही असं वाटत नाही. हे कसं जमलं, आणि कुठे जमलं नाही, ते पाहू.

घर बांधलं तेव्हाचं आइसलंड

आइसलंड १९४४ मध्ये डेन्मार्कपासून पूर्णपणे सुटून प्रजासत्ताक झालं. १९४९ मध्ये नाटोत गेलं आणि १९५१ पासून केफ्लाविकला अमेरिकन सैन्याचा तळ आला. तळावरच्या सैनिकांसाठी चालणारं दूरचित्रवाणीचं प्रक्षेपण रेक्याविकच्या घरांतही दिसू लागलं. देशाचं स्वतःचं दूरचित्रवाणी केंद्र तोवर नव्हतंच. परक्या सैन्याचे कार्यक्रम पाहत पिढी वाढणार, या काळजीने १९६४ मध्ये साठ नामवंत नागरिकांनी संसदेला निवेदन दिलं. सरकारी दूरचित्रवाणी १९६६ मध्ये सुरू झाली. साठीच्या दशकाच्या अखेरीस लोकसंख्या होती दोन लाखांच्या घरात. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी, पण त्यातच विद्यापीठ, संसद, स्वतंत्र भाषा आणि आठशे वर्षं मागे जाणारं गद्य.

दुसरीकडे डेन्मार्कशी हस्तलिखितांचा वाद चालू होता. मध्ययुगीन आइसलंडी हस्तलिखितांचा मोठा साठा कोपनहेगनमध्ये होता आणि तो परत हवा ही मागणी जुनी होती. डॅनिश संसदेने १९६१ मध्ये परतीचा कायदा केला, १९६५ मध्ये तो पुन्हा मंजूर केला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि पहिली दोन हस्तलिखितं अखेर एप्रिल १९७१ मध्ये जहाजाने रेक्याविकला पोचली. नॉर्डिक हाउसचं बांधकाम नेमकं या रस्सीखेचीच्या मधल्या वर्षांत झालं.

अशा वेळी एकट्या डेन्मार्कने इथे सांस्कृतिक भवन बांधलं असतं तर जुना राज्यकर्ता मागच्या दाराने परत आला, असंच लोक म्हणाले असते. पाचांनी मिळून बांधल्याने तो काटा बोथट झाला. वास्तुविशारद फिनलंडचा असणंही माझ्या मते यात मोलाचं ठरलं. आइसलंडवर आधी नॉर्वेच्या आणि मग डेन्मार्कच्या राजांनी राज्य केलं होतं. फिनलंडने कधीच केलं नव्हतं. उलट तो स्वतः आधी स्वीडनच्या आणि मग रशियाच्या अमलाखाली राहिलेला देश. शिवाय आल्तो तोवर जगभर नावाजलेला होता, त्यामुळे हा माणूस का, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

जागा

विद्यापीठाच्या आवारात, वात्न्समीरी नावाच्या दलदलीच्या कडेला ही जागा आहे. शहराच्या मध्यावरच्या त्योर्निन तळ्याला पाणी येतं ते याच दलदलीतून. एका बाजूला विद्यापीठाची १९४० मधली मुख्य इमारत, दुसऱ्या बाजूला विमानतळ, जो त्याच सुमारास, दुसऱ्या महायुद्धात, ब्रिटिश सैन्याने बांधला. मधे गवत, पाणी, पक्षी. झाड जवळजवळ नाही. वर आभाळ भलंमोठं आणि क्षितिजावर डोंगर: उत्तरेकडे खाडीपलीकडे एस्या, दक्षिणेकडे ज्वालामुखींच्या रांगा.

ओलसर, सपाट आणि उघड्या जागेवर इमारत बांधणाऱ्यापुढे मोह एकच असतो, उंच जायचं. रेक्याविकमध्ये त्याचं उदाहरण समोरच होतं. टेकडीवर हाट्लग्रिम्स चर्चचं काम १९४५ पासून चालू होतं, आराखडा १९३७ चा, वास्तुविशारद आइसलंडचाच ग्वुदयोन सामुएल्सोन. बेसॉल्टच्या खांबांसारखा वर चढत जाणारा त्याचा मनोरा शेवटी ७४.५ मीटरचा झाला. आपल्या भूमीचा खडक घेऊन राष्ट्रीय वास्तुशैली घडवायची, ही सामुएल्सोनची धडपड. ती आइसलंडच्या माणसाला शोभते. पाच देशांच्या संस्थेने तसं करणं आगाऊपणाचं झालं असतं. आल्तोने इमारत जमिनीला धरून ठेवली.

बाहेरून एकच गोष्ट

दूरून पाहिलं तर पांढऱ्या भिंती, आडव्या खिडक्यांच्या ओळी आणि वर एक गडद निळा, असमान चढउतारांचा उंचवटा. ग्रंथालयाच्या भागावर उठलेल्या या उंचवट्याला निळ्या सिरॅमिक टाइल लावल्या आहेत. मागच्या डोंगररांगेची रेषा त्याने उचलली आहे असं वर्णन नेहमी केलं जातं, आणि स्वच्छ दिवशी ते पटतंही. बाकी दर्शनी भाग जवळजवळ मुका आहे. प्रवेशद्वारापुढे भव्य पायऱ्या नाहीत, खांबांची रांग नाही.

हा निळा रंग आइसलंडसाठी शोधलेला नव्हता. फिनलंडमधल्या सेइनायोकीच्या नगरभवनाला आल्तोने नुकत्याच निळ्या टाइल लावल्या होत्या. म्हणजे घरचंच सामान परदेशी नेलं. रूप यजमानाच्या डोंगराचं आणि कातडी फिनलंडची, अशी ही जोडणी. एरवी मला असले क्षितिजाशी नातं सांगणारे आकार संशयास्पद वाटतात. कुठल्याही वाकड्या छताला जवळचा डोंगर चिकटवता येतो. इथे मी तो मान्य करतो, कारण हा आकार शोभेपुरता नाही. उंचवट्याखाली आत खरोखरच जास्त उंचीची गरज आहे, ती कशाला ते पुढे येईलच.

टाइलचा निर्णय हवामानाच्या अंगानेही नीट बघायला हवा. रेक्याविकचा जानेवारी आपण समजतो तेवढा गोठलेला नसतो. तापमान शून्याच्या आसपास घुटमळत राहतं. त्यामुळे पाणी शिरतं, गोठतं, फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि हे हिवाळाभर. वर वाऱ्याने आडवा मारलेला पाऊस. सच्छिद्र साहित्य अशा ठिकाणी झिजून जातं. चकचकीत, पाणी न पिणाऱ्या टाइलचा इथे निभाव लागतो, फक्त सांध्यांकडे सतत लक्ष द्यावं लागतं. आल्तोचं साहित्याबद्दलचं अनुमान नेहमीच बरोबर ठरलं असं मात्र नाही. हेलसिंकीच्या फिनलंडिया सभागृहाला त्याने इटलीचा कारारा संगमरवर लावला. उद्घाटन १९७१ मध्ये झालं, पुढे फिनलंडच्या थंडीत ते पातळ तक्ते वाकले आणि नव्वदीच्या दशकाच्या शेवटी सगळे बदलावे लागले. हौसेने आणलेल्या दक्षिणी दगडापेक्षा साधी भट्टीतली टाइल बरी ठरली.

त्या काळात आइसलंडमध्ये काँक्रीटचीही एक मोठी कहाणी घडत होती. देशाचा सिमेंट कारखाना अक्रानेसला १९५८ मध्ये सुरू झाला. त्याच्या सिमेंटमध्ये अल्कलीचं प्रमाण जास्त, आणि वाळू-खडी बरेचदा समुद्रतळातून काढलेली. सिमेंटमधली अल्कली आणि खडीतली सिलिका यांची ओलाव्यात अभिक्रिया होऊन काँक्रीट आतून फुगतं आणि त्याला जाळीदार भेगा पडतात. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कित्येक घरांना हा रोग जडला, आणि १९७९ पासून सिमेंटमध्ये सिलिकाची भुकटी मिसळायला लागल्यावरच तो आटोक्यात आला. त्या काळातली इमारत नीट राखलेली दिसली की तिच्यामागे दुरुस्तीचं शांत काम झालेलं असतं, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही.

आत : उजेड आधी, मग बाकी सगळं

आता मूळ मुद्दा. या इमारतीत सभागृह आहे, उपाहारगृह आहे, कार्यालयांच्या खोल्या आहेत, तळघरात प्रदर्शनाची जागा आहे. पण घराचं मन आहे ग्रंथालयात. सांस्कृतिक संस्थांच्या आराखड्यांत सहसा उलटं असतं. सभागृह मधोमध, कारण उद्घाटन, भाषणं आणि राजदूतांची पहिली रांग तिथे. ग्रंथालय मागच्या अंगाला कुठेतरी. इथे सभागृह छोटेखानी आणि बेताचं आहे, आणि उंची, उजेड, पातळ्यांचा खेळ हे सगळं वाचणाऱ्यासाठी राखलेलं आहे.

ग्रंथालयाच्या मध्यभागी जमीन खाली उतरते. वरच्या पातळीवर भिंतीलगत पुस्तकं, मध्ये कठड्याने वेढलेला खोलगट भाग, त्यातही पुस्तकं. मराठी वाचकाला हे समजवायला बारवेची आठवण पुरेशी आहे: पायऱ्या उतरून मध्यापाशी जायचं, वरून आभाळ दिसत राहणार. फरक इतकाच की इथे तळाशी पुस्तकं.

ही कल्पना आल्तोने रेक्याविकसाठी नव्याने काढली नाही. तेव्हा फिनलंडमध्ये असलेल्या व्हीपुरी शहराच्या ग्रंथालयात, १९३५ मध्येच, त्याने वाचनदालनाचा मधला भाग खाली घेतला होता आणि छतात ५७ गोल झरोके पाडले होते, प्रत्येकाचा व्यास १.८ मीटर. ते शहर युद्धानंतर सोव्हिएत संघात गेलं आणि आल्तोचं ते लाडकं काम त्याच्या हाताबाहेर गेलं. पुढे सेइनायोकी, रोवानिएमी, अमेरिकेत ओरेगनमधल्या माउंट एंजल मठाचं ग्रंथालय, अशी तीच कल्पना तो पुन्हा पुन्हा घासत राहिला. नॉर्डिक हाउस त्या मालिकेतलं एक लहान, पण फार नेटकं पान.

खाली उतरवण्यामागे हिशेब आहे. एकतर पुस्तकांसाठी भिंतीची लांबी वाढते: वरच्या पातळीची कपाटं वेगळी, खड्ड्याच्या कडेची वेगळी, आणि तरी खोली कोंदट होत नाही, कारण मधे उंच कपाटांच्या भिंती उभ्या राहत नाहीत. दुसरं म्हणजे वरून एक नजर फिरवली की सगळं दालन दिसतं. दोन लाखांच्या देशातल्या छोट्या ग्रंथालयाला माणसं मोजकीच परवडतात, तेव्हा ही सोय चैनीची नाही. तिसरं, खाली बसलेल्याला आडोसा मिळतो. चारी बाजूंनी पुस्तकांच्या पाठी, आणि कुणी पाठीमागून येण्याची भीती नाही. मोठ्या मोकळ्या दालनात माणूस भिंतीची जागा का शोधतो, हे ज्याने रोज ग्रंथालयात बसून अभ्यास केला आहे त्याला विचारा.

आणि उजेड. रेक्याविक ६४ अंश उत्तरेला. डिसेंबरच्या मध्यात दिवस जेमतेम चार तासांचा, आणि त्यातही भर दुपारी सूर्य क्षितिजावर तीन अंशही वर येत नाही. जूनमध्ये दिवस एकवीस तासांचा, पण तेव्हाही सूर्य पन्नास अंशांच्या वर जात नाही. माथ्यावर येणारा सूर्य मुंबईकराला पाठ असतो. तो तिथे कधी येतच नाही. याचा अर्थ असा की खिडकीतून येणारा उजेड बहुतेक वेळा आडवा, डोळ्यांत घुसणारा असतो आणि छतातून येणारा उजेड असतो तो आभाळाचा, विखुरलेला, सावली न पाडणारा. व्हीपुरीत आल्तोने हेच गणित मांडलं होतं: झरोक्याचा नळकांडीसारखा गळा एवढा खोल ठेवायचा की सगळ्यात उंच सूर्याचा, तिथे बावन्न अंशांचा, किरणही सरळ पानावर पडणार नाही. वाचणाऱ्याच्या डोक्याची सावली पुस्तकावर पडू नये, ही त्याची अट होती.

रेक्याविकमध्ये तेच तत्त्व निळ्या उंचवट्याच्या आत राबतं. उजेड वरून घ्यायचा तर छत वर उचलायला हवं. त्या उचललेल्या छताला बाहेरून डोंगराचा आकार दिला. म्हणून मघाशी म्हटलं की तो आकार शोभेपुरता नाही. बाहेरून जी एक गोष्ट दिसते ती आतल्या गरजेतून वर आलेली आहे, आणि हे जिथे जमतं तिथे मी आल्तोला आधुनिकतावाद्यांत वरच्या पायरीवर ठेवतो. त्याचे बरेच समकालीन उलट्या टोकाने निघाले: आधी दिसणं ठरवलं, मग माणसं आत बसवली.

लाकूड आणि दिवे

घरातलं फर्निचर आणि दिवे बहुतांशी आल्तोचे. त्याच्या कार्यालयाची ती पद्धतच होती. भिंत पूर्ण झाली की काम संपलं असं तो मानत नसे. दाराची मूठ, जिन्याचा कठडा, दिव्याची टोपी, खुर्चीची पाठ, सगळं एकाच हातून आलेलं हवं. हाताला जिथे स्पर्श होणार तिथे थंड धातू नको म्हणून लाकूड किंवा चामडं, ही त्याची अनेक इमारतींतली सवय.

खुर्च्यांमागे एक कारखाना उभा होता. आर्टेक ही कंपनी १९३५ मध्ये आइनो आणि आल्वार आल्तो, माइरे गुलिक्सेन आणि निल्स-गुस्ताव हाल या चौघांनी सुरू केली. तिचा पाया म्हणजे बर्चच्या लाकडाचा वाकवलेला पाय. त्याची कृती सुताराला आवडावी अशी आहे: भरीव बर्चच्या एका टोकाला लाकडाच्या रेषांच्या दिशेने करवतीने उभ्या चिरा पाडायच्या, प्रत्येक चिरेत गोंद लावून पातळ पापुद्रा सारायचा, आणि मग ते टोक काटकोनात वाकवायचं. चिरांमुळे लाकूड मोडत नाही, पापुद्र्यांमुळे वाकलेलं परत सरळ होत नाही. हा पाय थेट आसनाच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसतो, वेगळी चौकट लागत नाही. तीन पायांचं स्टूल १९३३ चं, आजही विकलं जातं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आइसलंडमध्ये बांधकामाच्या उपयोगाचं लाकूड जवळजवळ उगवत नाही. शतकानुशतकं तिथले लोक समुद्रातून वाहून आलेल्या ओंडक्यांवर आणि आयातीवर भागवत आले. त्या देशात बर्च आणि इतर फिकट लाकूड भिंतीच्या पट्ट्यांत, कपाटांत, खुर्च्यांत भरून आणणं, ही खरी भेट होती. बाहेर काँक्रीट, लाव्हा आणि पत्रे. आत फिकट लाकूड आणि पांढरी भिंत. हिवाळ्यातल्या वीस तासांच्या अंधारात पांढरी भिंत आणि उबदार रंगाचे दिवे काय करतात, ते छायाचित्रांतही कळतं. घर तापवण्याची चिंता नाही, रेक्याविकची घरं जमिनीतल्या उष्ण पाण्यावर तापतात. त्यामुळे वरून उजेड घेण्यासाठी छतात मोठी काच ठेवणं जेवढं उधळं वाटतं तेवढं तिथे नाही.

या पूर्णत्वाची एक किंमत आहे, आणि ती मला मोठी वाटते. प्रत्येक वस्तू एकाच हाताची असली की काहीही बदलताना वारशाचा प्रश्न उभा राहतो. लॅपटॉप घेऊन बसणाऱ्याला टेबलाशी वीज हवी, दिव्याचा जुना गोळा बाजारात मिळत नाही, खुर्चीचं कापड फाटलं. साध्या कार्यालयात यासाठी एक फोन पुरतो. इथे अभिलेख उघडावे लागतात. आल्तोच्या वास्तूंची देखभाल म्हणजे वेगळा व्यवसायच झाला आहे. वापरणारे बदलत जातात, घराला मात्र बदलायची मुभा नाही. ही गोष्ट संस्थेने बांधतानाच हिशेबात धरायला हवी होती असं म्हणणं सोपं आहे, पण १९६८ मध्ये कुणीही धरत नव्हतं.

स्टॉकहोमशी तुलना

दहा वर्षं आधी, १९५८ मध्ये, इटलीने स्टॉकहोममध्ये आपली सांस्कृतिक संस्था नव्या इमारतीत नेली. आराखडा मिलानच्या जिओ पोन्तीचा, सभागृहासाठी पिएर लुइजी नेर्वीचं सहकार्य. हे दोघे त्याच सुमारास मिलानमध्ये पिरेल्लीचा मनोराही उभारत होते. पैशांमागे इटालियन उद्योगपती कार्लो माउरिलिओ लेरिचीचं दातृत्व. त्याचंच नाव संस्थेला आहे. हा लेरिची मोठा मजेशीर माणूस. भूगर्भ तपासायची यंत्रं घेऊन त्याने इटलीतल्या तार्क्विनियाच्या परिसरात जमिनीखालची एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीच्या तिथल्या लोकांची, थडगी शोधली. त्या काळचा स्वीडनचा राजा, सहावा गुस्ताव आडोल्फ, स्वतः पुरातत्त्वाचा जाणकार आणि इटलीतल्या एट्रुस्कन उत्खननात रमणारा. दोन देशांचं नातं थडग्यांतून जुळलेलं, असा योग क्वचितच.

पोन्तीने स्टॉकहोमला नेलं ते इटलीचं प्रदर्शनच. इमारतीचा निमुळता होत जाणारा आकार, आतली सजावट, सगळं मिलानच्या हातचं. एकच देश, एकच दाता, आणि इटालियन डिझाइन जगात विकायला निघालेलं दशक. तिथे हा दिमाख बरोबर होता. स्वीडनला इटलीची धास्ती नव्हती. कुतूहल होतं.

रेक्याविकला तोच दिमाख आणला असता तर? पाच देशांपैकी कुणाचा, हा पहिला प्रश्न. आणि यजमान त्या वेळी आपली भाषा आणि आपली हस्तलिखितं सांभाळण्याच्या चिंतेत, हा दुसरा. आल्तोचा आवाज खालचा राहिला याचं श्रेय केवळ त्याच्या स्वभावाला देता येणार नाही, प्रसंगही तसाच होता. हे दोन आराखडे शेजारी ठेवले की कळतं, की परदेशातल्या सांस्कृतिक संस्थेसाठी एक बरोबर नमुना असा नसतोच.

वापरात काय झालं

ग्रंथालय मधोमध ठेवण्याचा निर्णय पुढच्या पन्नास वर्षांनी बरोबर ठरवला, आणि त्यामागे एक साधं कारण आहे. आइसलंडच्या शाळांत डॅनिश शिकवतात. डॅनिश वाचता आलं की नॉर्वेजियन सहज, स्वीडिश थोड्या प्रयत्नाने. म्हणजे वाचक तयार होते, पुस्तकं नव्हती. नॉर्डिक हाउसच्या कपाटांत डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, फिनिश, फेरोईज, ग्रीनलँडिक, सामी अशी पुस्तकं आहेत. आइसलंडी पुस्तकं गावातल्या इतर ग्रंथालयांत मिळतात, त्यांची इथे गर्दी नाही. नॉर्डिक कलावंतांची मुद्राचित्रंही वाचकाला घरी नेता येतात, पुस्तकासारखी. भिंतीवर चित्र लावून लोकांना या आणि पाहा म्हणण्यापेक्षा, न्या आणि तुमच्या भिंतीवर लावा असं म्हणणारी संस्था मला जास्त आवडते. मुलांचा विभाग ग्रंथालयाच्या खालच्या मजल्यावर आहे. आणि लहान मुलाला खाली उतरायची जागा आवडते, हे सांगायला वास्तुविशारद लागत नाही.

साहित्याशी या घराचं नातं कपाटांपुरतं राहिलं नाही. रेक्याविकचा आंतरराष्ट्रीय साहित्य महोत्सव १९८५ मध्ये सुरू झाला त्यात या घराचा पुढाकार होता. तेव्हा इथला संचालक नॉर्वेचा कवी क्नुत ओदेगोर, आणि सोबत थोर विल्ह्याल्म्सोनसारखे आइसलंडी लेखक. सभागृह बेताचं असल्याने मोठे कार्यक्रम गावातल्या इतर जागी जातात. त्यात वाईट काही झालं नाही.

फसलेली जागा म्हणायची तर तळघर. दलदलीच्या कडेला, उजेडाशिवाय, प्रदर्शनाला खोल्या देणं हे वरच्या मजल्यावरच्या सगळ्या विचाराशी विसंगत वाटतं. ज्या घरात वाचकाच्या पानावरची सावली मोजली, तिथे चित्रं पाहणाऱ्याला पूर्णपणे विजेवर सोडून दिलं. अलीकडे त्या दालनाची नव्याने मांडणी झाली, आणि अंधारी पेटी हीच आता समकालीन कलेची आवडती खोली असल्याने व्हिडिओ आणि ध्वनीच्या कामांना ते सोयीचंही पडतं. म्हणजे दोष काळाने भरून काढला, आराखड्याने नाही.

पुढे फेरो बेटांवर, टोर्सहाव्नमध्ये, १९८३ मध्ये दुसरं नॉर्डिक हाउस उभं राहिलं, ओला स्टेन आणि कोल्ब्रून राग्नार्सदोत्तिर यांचं. त्याच्या छतावर गवत आहे, तिथल्या जुन्या घरांसारखं, आणि ते मुख्यतः मंचाचं घर आहे: नाटक, संगीत, सभा. बेटांवर मोठा रंगमंच नव्हता, तो दिला. रेक्याविकला रंगमंच होता. राष्ट्रीय नाट्यगृह १९५० पासून चालू होतं. जिथे जे नव्हतं ते तिथे बांधलं, एवढी साधी गोष्ट दोन्हीकडे पाळली गेली.

शेजारी

१९६८ मध्ये ही इमारत उघड्यावर एकटी होती. आता नाही. विद्यापीठाची निसर्गविज्ञानाची आस्क्या इमारत, डीकोड या जनुकशास्त्र कंपनीचं मुख्यालय, आणि त्यानंतर आलेली आणखी मोठी बांधकामं यांनी वात्न्समीरीचा कडेचा भाग भरत आणला आहे. या सगळ्या तिच्यापेक्षा उंच. विमानतळ हलवून त्या जागेवर वस्ती करावी, हा वाद शहरात दशकानुदशकं चालू आहे; तो सुटला तर आणखी मजले येतील.

निळ्या उंचवट्याची सारी मदार क्षितिज मोकळं असण्यावर होती. काही बाजूंनी आता त्याच्यामागे डोंगराऐवजी काचेची भिंत येते, आणि तिथून डोंगररांगेची गोष्ट सांगावी लागते, दिसत नाही. एकट्या इमारतीसाठी केलेल्या आराखड्याची ही उणीव आहेच. आल्तोने घराभोवतीच्या जमिनीचं भविष्य ठरवण्याचा अधिकार मागितला नव्हता, आणि कुणी तो दिलाही नसता. ग्रंथालयाला याची झळ लागत नाही, कारण ते शेजारच्यांकडे पाहतच नाही, वर पाहतं. आणि उत्तरेकडची बाजू बांधकामापासून वाचली आहे ती वास्तुरचनेच्या आदरामुळे नव्हे. घर आणि तळ्याच्या मधला तो दलदलीचा पट्टा पक्ष्यांसाठी राखीव आहे, आणि त्योर्निनचं पाणी त्यावर अवलंबून असल्याने तो भरून काढणं शहराला परवडणारं नाही.